आम्ही गोल फिरायला निघतो

देवरीत सकाळी रिकाम्या हाताने चालत निघालेल्या माणसाला लोक तीन प्रश्न विचारतात. "कुठी निघाले जी?" हा पहिला. "असंच, फिरायला," असं उत्तर दिलं की दुसरा येतो, "घरी सगळे बरे हायत ना?" त्यावर मान हलवली की तिसरा, आवाज खाली आणून, "मंग गाडीले काय झालं?" हातात थैली असली, खांद्यावर कुदळ असली, निदान बगलेत छत्री असली तर कोणी हटकत नाही. एकेकाळी हातात डबा असला तरी भागायचं. घरोघरी शौचालयं झाली आणि तेही सन्मान्य निमित्त गेलं.

यात दोष माणसांचा कमी आणि गावाच्या बांधणीचा जास्त. मुंबई-कोलकाता महामार्ग देवरीतून जातो असं म्हणतात. खरं म्हणजे महामार्ग जातोय आणि देवरी त्याच्या दोन्ही अंगांना बसून तो पाहते आहे. पश्चिमेला साकोली, भंडारा, नागपूर. पूर्वेला सिरपूर, आणि लगेच छत्तीसगड. उत्तरेला आमगाव, कारण रेल्वे तिथे आहे आणि आमच्याकडे नाही. दक्षिणेला चिचगड. नागपूर आणि रायपूर यांच्या जवळजवळ मधोमध असल्यामुळे इथे थांबणाऱ्याला चहा हवा असतो, पंक्चर काढून हवं असतं किंवा "अजून किती?" एवढंच विचारायचं असतं. 2010 साली या महामार्गाचा नंबर 6 चा 53 झाला. गावात तो अजून 6 नंबरच आहे. 53 फक्त पाटीला माहीत.

अशा गावात जो फिरायला निघतो तो सरळ जातो आणि सरळ परत येतो. आमची चौघांची टोळीही तेच करायची. गुरुजी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पटवारीसाहेब, म्हणजे निवृत्त तलाठी; पण विदर्भात तलाठ्याला तलाठी म्हटलं तर तो स्वतःच मागे वळून पाहत नाही. शेठ, म्हणजे कापड दुकानाची गादी मुलाकडे सोपवून गल्ल्याची किल्ली स्वतःकडे ठेवलेले गृहस्थ. आणि मी. चिचगड रस्त्याने एका ठरावीक चिंचेपर्यंत जायचं, चिंचेच्या खोडाला हात लावायचा आणि परतायचं. हात का लावायचा ते कोणी सांगू शकत नाही, पण न लावता परतलात तर पटवारीसाहेब ती फेरी धरत नाहीत.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात शेठच्या इंग्लंडातल्या भाच्याने मोबाइलवर एका पाटीचा फोटो पाठवला. जुनं बाजाराचं गाव, शेजारून वाहणारी नदी आणि गावाभोवती नदीकाठाने काढलेली पायवाट. पाटीवर पायवाटेचा नकाशा होता, आणि ती रेघ निघाली तिथेच परत येऊन मिळत होती. खाली सूचना: नदी डाव्या हाताला ठेवा, मेंढ्यांच्या कुरणात शिरल्यावर फाटक लावून घ्या, चर्चपाशी वळा, बाजारचौकात या. बाजारचौकात येऊन काय घ्यायचं ते मात्र लिहिलेलं नव्हतं. शेठना तिथेच संशय आला.

"काही घेतच नाहीत? मंग कायले फिरतात?"

गुरुजींना असा प्रश्न कोणी विचारायचीच खोटी. इंग्लंडात श्रूझबरी नावाचं जुनं बाजाराचं शहर आहे, सेव्हर्न नदी त्याला जवळजवळ सगळीकडून वळसा घालून जाते, आणि 1809 साली चार्ल्स डार्विन तिथेच जन्मला, असं त्यांनी सांगितलं. पुढे हा माणूस केंट परगण्यातल्या डाउन गावी राहायला गेला, तेव्हा त्याने घरामागे एक गोल वाट करून घेतली. रोज तो तिथे फेऱ्या मारायचा. वळणावर गारगोट्यांचा ढीग ठेवलेला असायचा. एक फेरी झाली की एक गारगोटी ढिगातून बाजूला ढकलायची, म्हणजे विचारात हिशेब चुकत नाही.

"जागा त्याच्या नावावर होती?" पटवारीसाहेबांनी विचारलं.

"आधी शेजाऱ्याकडून भाड्याने घेतली होती."

"करार लेखी होता का?"

उत्क्रांतिवादाकडे या बाजूने पाहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मग गुरुजींना अभिमान आठवला. गोल फिरण्यात आपण कोणाला हार जाणारे नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पंढरपुरात वारकरी नगरप्रदक्षिणा करतात. त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला फेरी घालायला लोक लोटतात. आणि नर्मदा परिक्रमा? नदी सतत उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही, शास्त्रोक्त केली तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. ही जगातली सगळ्यात लांब नदीकाठची गोल फेरी आपलीच, आणि त्यांनी पाच मैलांच्या फेरीची पाटी लावली म्हणून आपण फोटो पाहत बसायचं?

मुद्दा बिनतोड होता. फक्त आमच्यापैकी एकानेही यातली एकही फेरी केलेली नव्हती. देवासाठी गोल, कामासाठी सरळ, ही आपली जुनी वाटणी आहे. कार्यालयात चकरा माराव्या लागतात त्या वेगळ्या; त्यांना नदी नसते.

देवरीची स्वतःची गोल फेरी काढायचं ठरलं. नियमही ठरले. सुटायचं त्याच हॉटेलात पोचायचं. एकदा चाललेला रस्ता पुन्हा चालायचा नाही. वाटेत नदी दिसली पाहिजे. शेठनी चौथा नियम घातला की अर्ध्या वाटेवर आलुबोंडा मिळाला पाहिजे, आणि हाच एक नियम होता ज्यावर चर्चा झाली नाही.

पहिली अडचण नदीनेच केली. आमच्या भागाची नदी बाघ. ती वैनगंगेला मिळते, वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे देवरी तालुक्यात पडलेला पाऊस राजमहेंद्रीपर्यंत जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना भेटतो, पण ही नदी खुद्द देवरी गावाला भेटत नाही. ती सिरपूरकडे आहे. तिथे तिला धरण घातलेलं आहे. सिरपूर, पुजारीटोला आणि कालीसरार ही बाघ प्रकल्पाची तीन धरणं, आणि पलीकडे छत्तीसगडात महामार्गावर नदीचंच नाव घेऊन बसलेलं बाघनदी हे गाव. सिरपूरला सीमा तपासणी नाका आहे. नदीकाठाने गोल फिरायचं म्हणून चौघे म्हातारे पहाटे ट्रकांच्या रांगेतून परराज्याकडे चालत निघाले, तर "माल काय हाय?" या प्रश्नाला आम्ही काय उत्तर देणार होतो? शेठ म्हणाले, आलुबोंडे. पण तोपर्यंत ते उरले नसते.

त्यात सिरपूर हे अंतर चालून जाऊन नाश्त्याला परतण्याचं नव्हे. नदी बाद झाली आणि तिच्या जागी तलाव आला.

तलावांना आमच्याकडे तोटा नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा मुलूखच तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. जमिनीचा उतार डोळ्यांनी मोजून कुठे पार घालायची ते ठरवणारी माणसं होती ती. पुढे ते मालगुजारांकडे आले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, तेव्हापासून कागदोपत्री त्यांना "माजी मालगुजारी तलाव" आणि लाडाने "मामा तलाव" म्हणतात. मामाकडे गेलो तर मामा गोल असेल, अशी आमची भाबडी समजूत.

मामा तलाव गोल नसतो. पार असते ती उताराच्या बाजूला, पाणी अडवायला. वरची बाजू मोकळी, कारण पाणी तिकडूनच येतं. म्हणून पारेवरून थाटात चालत गेलं की एका जागी पार संपते आणि समोर येतो चिखल, त्यात बेशरमीची झाडं आणि त्या झाडांत एक म्हैस, जिला आपल्या येण्याचं प्रयोजन समजलेलं नसतं. कोहळ्यांनी तीनशे वर्षं टिकतील असे तलाव बांधले, पण चौघा पेन्शनरांना भोवती फिरायचं असेल याचा विचार केला नाही. गुरुजींनी धोतर वर खोचून दोन पावलं पुढे टाकली. परत काढताना एक चप्पल मामाकडे राहिली.

राहता राहिली शेतं. चिचगड रस्ता आणि आमगाव रस्ता शेतातून जोडला तर अर्धं वर्तुळ तरी निघेल, असा गुरुजींचा सिद्धान्त. हे कागदावर फार सुंदर दिसतं. इंग्लंडात म्हणे पायवाटेचा हक्क इतका पक्का की शेतकऱ्याच्या कुरणातून वाट जात असेल तर त्यानेच फाटक नीट ठेवायचं. आपल्याकडेही कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 143: शेजाऱ्याच्या बांधावरून शेतात जायला रस्ता मागता येतो. हे कलम पटवारीसाहेबांना देवाच्या आरतीसारखं पाठ. पण रस्ता मागायला आपलं पलीकडे शेत असावं लागतं. "फिरायला" हे कारण त्या कलमात बसत नाही. पटवारीसाहेबांनी दोन रात्री विचार केला, बसत नाही म्हणजे नाहीच.

मग पांदण शोधली. पांदण म्हणजे गावनकाशावर असलेला, बैलगाडी जाईल एवढा, कोणाच्याच मालकीचा नसलेला रस्ता. नकाशावर ती पांदण ठसठशीत होती. प्रत्यक्षात ती गावातून मोठ्या उमेदीने निघाली, एका वळणावर बारीक झाली, पुढे धुऱ्याएवढी, म्हणजे बांधाएवढी उरली आणि शेवटी एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पऱ्ह्यांच्या मधोमध, नाहीशी झाली. बांधीचा मालक धुऱ्यावर उभाच होता. "इथून रस्ता आहे," पटवारीसाहेब म्हणाले. "होता," तो म्हणाला. "तुमीच पटवारी असताना गेला ना जी." त्यानंतर पटवारीसाहेबांनी तो विषय काढला नाही आणि आम्हीही काढू दिला नाही. (चौघांत मैत्री टिकवायची तर एकाची नोकरी, एकाचं दुकान आणि दोघांची मुलं एवढे विषय वगळावे लागतात.)

मार्चमध्ये पुन्हा उत्साह आला. तेव्हा धान निघालेलं असतं, बांध्या कोरड्या असतात आणि कुठूनही चालता येतं. पण मार्च म्हणजे मोहफुलांचा महिना. पहाटे अंधारात बायका टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेल्या असतात, कारण मोह रात्री गळतो आणि ऊन चढायच्या आत वेचावा लागतो. आदल्या दिवशी पालापाचोळा जाळून जमीन काळी केलेली असते, त्यावर ती पिवळसर फुलं. आम्ही चौघे त्या जमिनीवरून गप्पा मारत, हात हलवत, बूट वाजवत निघालो.

"ओ बाबा, पाय पाहून टाका जी," एक म्हातारी म्हणाली. "एका पायाखाली पाव किलो गेला."

गुरुजींनी फार अदबीने समजावलं की आम्ही प्रकृतीसाठी चालतो आहोत. म्हातारीने कमरेवर हात ठेवून आम्हाला खालून वरपर्यंत पाहिलं. ती पहाटे तीनला उठली होती, वाकून वाकून अर्धी टोपली भरली होती आणि अजून घरचं पाणी भरायचं होतं. "चालून होत नाही बाबा," ती म्हणाली, "वाका." आणि तिने चौघांच्या हातात एकेक पाटी दिली. त्या दिवशी आमची गोल फेरी झाली नाही, पण मोहाच्या एका झाडाभोवती ज्या फेऱ्या झाल्या त्या डार्विनने मोजल्या असत्या तर गारगोट्या कमी पडल्या असत्या. दुसऱ्या दिवशी कोणीच फिरायला आलं नाही. कमरेने.

या भागात गोल फेरी खरोखर कोणी पूर्ण केली असेल तर ती हत्तींनी. 2021 मध्ये छत्तीसगडातून एक कळप गडचिरोलीत आला. पुढच्या वर्षी तो गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे शिरला, तिथून भंडाऱ्यात गेला आणि वळून परत गडचिरोलीकडे. कलम 143 नाही, पांदण नाही, नाका नाही. ज्यांच्या बांध्या तुडवल्या गेल्या त्यांच्यासमोर मात्र हा विनोद करू नये. आम्ही केला नाही.

शेवटी शेठनीच तोडगा काढला. गावाला नदी आणता येत नसेल तर नदी असलेल्या गावाला जाऊ. जुनं, बाजाराचं, नदीकाठचं आणि भोवती फिरता येईल असं. गुरुजी एका दमात म्हणाले, "पवनी."

पवनी वैनगंगेच्या काठावर आहे. ही वैनगंगा सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याला उगम पावते, आणि सरळ दक्षिणेला यायचं सोडून आधी उत्तरेकडे जाऊन मोठं अर्धवर्तुळ घेते. फिरायची हौस कशाला म्हणतात ते तिच्याकडून शिकावं. गावाच्या एका अंगाला नदी आणि घाट, बाकीच्या अंगांना मातीचा जुना तट आणि खंदक. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं तेव्हा जगन्नाथ टेकडीवर दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. आणि स्तूप ही तर गोल फिरण्यासाठीच बांधलेली वास्तू, भोवतीच्या प्रदक्षिणापथासकट! शिवाय पवनीची रेशीमकाठी लुगडी-धोतरं. इतिहास, नदी, बाजार. इंग्लंडच्या पाटीवरचा शब्दन् शब्द बसत होता.

साकोलीला गाडी बदलून आम्ही पवनीला उतरलो आणि वैजेश्वर घाटावरून, नदी उजव्या हाताला ठेवून, विधिवत निघालो. वरच्या अंगाला गोसीखुर्दचं धरण आहे. त्याचं भूमिपूजन 1988 साली राजीव गांधींनी केलं, तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटींचा होता. पुढे तो आकडा ज्या वेगाने चालत गेला त्या वेगाने आमच्यातला एकही जण कधी चाललेला नाही. पाणी भरलेलं, घाटाच्या पायऱ्या उतरत पाण्यात गेलेल्या, पलीकडचा काठ लांब. चौघेही पाच मिनिटं गप्प होते. आमच्या टोळीचा हा उच्चांक असावा.

मग फाटाफूट झाली. पंचमुखी गणपतीपाशी गुरुजी थांबले. गणेशाच्या पाच मुखांमुळे प्रदक्षिणा घालताना देवाच्या पाठीमागे जाता येतच नाही, बाजू बदलली की पुन्हा तोंड समोर, असं ते सांगू लागले आणि सांगता सांगता दाखवू लागले. तिथे जमलेल्या दोन शाळकरी मुलांना त्यांनी पहाडे विचारले. खंदकाजवळ पटवारीसाहेब अडकले. खंदकाचा काठ कुठे संपतो आणि लोकांची सांदवाडी कुठे सुरू होते, ते पावलं टाकून मोजू लागले. एका घरातून बाई बाहेर आली आणि तिने विचारलं, "मोजणी हाय का जी?" साहेबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. निवृत्तीनंतर इतका ताठ उभा राहिलेला माणूस मी पाहिला नाही. थोड्याच वेळात अख्खी आळी सातबारा घेऊन बाहेर.

शेठ बाजाराच्या गल्लीत गेले ते गेलेच. एका घरात मागाशेजारी मांडी घालून बसलेले सापडले. समोर काठांचे नमुने, हातात चहा. घासाघीस चालली होती ती विकत घेण्यासाठी नव्हेच. चाळीस वर्षांची सवय होती, तिला फिरायला आणलं होतं.

तट, खंदक, टेकडी आणि नदी यांना जोडणारं वर्तुळ तीन चतुर्थांश झालं तेव्हा दुपार टळली होती. उरलेला तुकडा दिसत होता. फार नव्हता. पण लाखांदूरकडे जाणारी गाडी उभी होती, आणि शेठनी अचानक बुद्धीचा असा प्रकाश पाडला की गुरुजीही नि:शब्द झाले. आलो तो रस्ता साकोलीचा. आता लाखांदूर, अर्जुनी, नवेगावबांध, कोहमारा असं परत गेलं तर गेला रस्ता पुन्हा येणार नाही. म्हणजे गोल फेरी! नियमाप्रमाणे! बसून!

बसलो. गाडी बदलली, पुन्हा बसलो. दिवाळी नुकतीच झालेली, आमच्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे जत्रांचे दिवस, गावोगावी रात्रीच्या नाटकांची पोस्टरं लागलेली. त्यावर नटांचे चेहरे एवढे मोठे की नाटकाचं नाव कडेला पाहुण्यासारखं उभं. अर्जुनीला आलुबोंडा मिळाला. सुटायचं तिथे पोचणार होतो, नदी दिसली होती, चौथा नियमही पाळला गेला होता. गुरुजींनी वहीत वर्तुळ काढून गावांची नावं लिहायला घेतली.

नवेगावबांध मागे पडल्यावर पटवारीसाहेबांनी वही मागितली आणि चष्मा लावला.

"देवरी ते कोहमारा सकाळी आलो होतो ना?"

"हो."

"आता कोहमारा ते देवरी तोच रस्ता."

कोणी बोललं नाही. साहेबांनी गुरुजींच्या वर्तुळाला बाहेरून एक सरळ रेघ जोडली आणि वही सगळ्यांना दाखवली. झारा. बुंदीचा झारा, दांड्यासकट.

"फेरी धरता येत नाही," साहेब म्हणाले.

"मंग कोहमाऱ्याले उतरा," शेठ तापले, "आन् जंगलातून या."

"ते जंगल राखीव हाय."

"कोहमारा कोन हाय?" पुढून कंडक्टर ओरडला. "कोन उतरून राहिलं कोहमारा?"

गाडी थांबली. दार उघडलं. गाडीतल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. पटवारीसाहेब खिडकीबाहेर पाहत होते, गुरुजी वहीत पाहत होते, शेठ पटवारीसाहेबांकडे. कंडक्टरने थोडा वेळ वाट पाहिली, मग आमच्या चौघांची तिकिटं मागून पुन्हा एकदा नीट तपासली आणि घंटी मारली.